तीन महिन्यांत दोन्ही कान: बेद्रिख स्मेताना यांच्या बहिरेपणाचं प्रकरण

वय ५० वर्षं, पुरुष. नाट्यगृहात संगीताचा प्रमुख, म्हणजे कानावरच पोट असलेला माणूस. तक्रार जुलैपासूनची. वरच्या सप्तकातले सूर एका कानाला एका उंचीचे आणि दुसऱ्या कानाला वेगळ्याच उंचीचे ऐकू यायला लागले. मधूनमधून कानात झिणझिण्या यायच्या आणि मोठ्या धबधब्याजवळ उभं राहिल्यासारखा घोंगाट व्हायचा. सुरुवातीला हे कमीजास्त होत राहिलं, जुलैअखेर कायमचंच झालं. सोबत भोवळ. चालताना झोकांड्या जायच्या आणि सरळ चालायचं तर सगळं लक्ष पावलांकडे द्यावं लागायचं.

कान-नाक-घसा विभागात शिकायला येणाऱ्या डॉक्टर मुलांना मी ही केस पेशंटचं नाव न सांगता देतो. एवढं फळ्यावर लिहितो आणि विचारतो, पुढे काय विचाराल? यातलं एकही लक्षण मी रचलेलं नाही. चेक संगीतकार बेद्रिख स्मेताना यांनी सप्टेंबर १८७४ मध्ये प्रागच्या नाट्यगृहाच्या कारभाऱ्यांना आपण कामावर का येऊ शकत नाही हे कळवणारं पत्र लिहिलं, त्याचा हा गोषवारा. पत्र कारभाऱ्यांना लिहिलं असलं तरी कानाच्या डॉक्टरसाठी इतका चोख इतिहास क्वचितच कुणी लिहून ठेवला असेल.

आमच्या ओपीडीत कानातला आवाज लोक आपापल्या जगातून सांगतात. कुणाच्या कानात रातकिडे ओरडतात, कुणाच्या कुकरची शिट्टी चालूच राहते. पिठाच्या गिरणीशेजारी राहणाऱ्या एका आजींनी मला सांगितलं होतं, "डॉक्टर, गिरणी बंद झाली तरी कानातला पट्टा फिरतोच आहे." ही वर्णनं मी केसपेपरवर जशीच्या तशी उतरवतो, कारण आजार कुठे आहे याचा अंदाज पुष्कळदा तिथूनच येतो. पण एकच सूर दोन कानांना दोन उंचींचा ऐकू येतो हे सांगायला तयार कान लागतो. आंतरकर्णातल्या शंखाकृती भागात, ज्याला आपण कोक्लिया म्हणतो, प्रत्येक सुराची जागा ठरलेली असते. तिथल्या केसपेशी दुखावल्या की सुराची जागा सरकते. एकच कान बिघडला असेल किंवा दोन्ही कमीजास्त बिघडले असतील, तर मेंदूकडे दोन वेगळे सूर पोचतात. तंबोऱ्याची एक तार उतरलेली असताना दुसरी बरोबर लागलेली असावी, तसं. हे लक्षण कानाच्या पडद्याचं नाही, मळाचं नाही, घशाच्या नळीचंही नाही. ते सरळ आतल्या कानाकडे बोट दाखवतं. भोवळही तेच सांगते, कारण तोल सांभाळणाऱ्या नलिका कोक्लियाला लागूनच असतात आणि दोघांत एकच पाणी खेळतं.

म्हणजे पत्र वाचूनच इतकं कळतं की दुखणं आंतरकर्णाचं आहे, दोन्ही बाजूंचं आहे, आणि वर्षांच्या नव्हे तर आठवड्यांच्या वेगाने वाढतंय.

मुलं इथे बहुतेक वेळा 'मेनिएर' म्हणतात, म्हणजे चक्कर आणि कानात आवाज येणारा आतल्या कानाचा एक आजार. मी थांबतो. एक हुशार मुलगी मागच्या वर्षी म्हणाली, "सर, कानाआधी काय झालं होतं ते तुम्ही लिहिलंच नाही." ते मी मुद्दाम लिहीत नाही. ते मागावं लागतं.

कानाआधी घसा दुखला होता. १८७४ च्या उन्हाळ्यात स्मेताना यांना घशाचा संसर्ग झाला, मग अंगावर पुरळ उठलं, आणि त्याच सुमाराला कानात दडे बसले. ऑगस्टच्या मध्यापर्यंत काम अशक्य झालं आणि जबाबदारी त्यांचे सहायक आडोल्फ चेख यांच्याकडे गेली. वर्तमानपत्रांत बातमी आली ती अशी की काही लोकांनी दिलेल्या मनस्तापामुळे त्यांची तब्येत बिघडली. नाट्यगृहातल्या राजकारणाचे त्यांना चटके बसत होते हे खरं. पण मनस्तापाने पुरळ उठत नाही आणि सूर सरकत नाहीत. सप्टेंबरपर्यंत उजव्या कानाने पूर्ण संप पुकारला होता. १९ ऑक्टोबरच्या संध्याकाळी ते पियानोवर बराच वेळ मनाला येईल ते वाजवत बसले. २० तारखेला सकाळी जाग आली तेव्हा डावा कानही गेला होता. त्यानंतर उरलेल्या साडेनऊ वर्षांत त्यांना काही ऐकू आलं नाही.

जुलै ते ऑक्टोबर. तीन महिने.

घसा, पुरळ, कान. हे तीन शब्द एका ओळीत लिहिले की त्वचारोगाचा कुठलाही डॉक्टर मान वर करेल. उपदंशाचा, म्हणजे सिफिलिसचा, पहिला टप्पा एका जखमेचा असतो. ती बहुधा दुखत नाही, आपोआप भरते, आणि माणूस ती विसरतो किंवा विसरू पाहतो. काही आठवड्यांनी जंतू रक्तातून सगळीकडे पसरलेले असतात. मग दुसरा टप्पा येतो: घसा, बारीक ताप, गाठी, न खाजणारं पुरळ, अनेकदा तळहात आणि तळपायांवरसुद्धा. याच काळात जंतू मेंदूच्या आवरणात शिरू शकतात. तिथून आठवी नस जाते. हीच नस ऐकण्याची आणि तोलाची. आवरणाला सूज आली की नसेलाही येते, आणि आंतरकर्णालाही. हा लवकरचा प्रकार झाला. उशिराच्या प्रकारात कानाभोवतीचं हाड झिजतं, सूक्ष्म रक्तवाहिन्या आतून बुजत जातात, आंतरकर्णातलं पाणी वाढून पडदे ताणले जातात. त्याला वर्षं लागतात. स्मेताना यांचं चित्र लवकरच्या प्रकाराशी जुळतं, आणि म्हणूनच वेग इतका आहे.

आता एक गोष्ट मला नेहमी अस्वस्थ करते. उपदंशाने कान जातो हे १८७४ मध्ये अज्ञात नव्हतं. लंडनच्या जोनाथन हचिन्सन यांनी जन्मजात उपदंश झालेल्या मुलांमध्ये तीन खुणा एकत्र दिसतात हे १८६० च्या आसपास मांडलं होतं: बुबुळाचा दाह, खाच पडलेले पुढचे दात आणि नसेचा बहिरेपणा. कानाच्या डॉक्टरांना हा आजार चांगला ठाऊक होता. स्मेताना गेले तेही लहानसहान लोकांकडे नव्हेत. प्रागमध्ये डॉ. झाउफाल यांनी त्यांच्यावर उपचार केले. १८७५ मध्ये ते व्युर्ट्सबुर्गला फॉन ट्रोल्च आणि व्हिएन्नाला पोलित्सर यांच्याकडे गेले. कानाच्या शास्त्राचे हे दोघेही आधारस्तंभ. आज कान तपासताना डॉक्टरच्या कपाळावर जो आरसा दिसतो तो फॉन ट्रोल्च यांनी रूढ केला, आणि व्हिएन्नातलं कानाचं विद्यापीठीय क्लिनिक १८७३ मध्ये सुरू करणाऱ्यांपैकी पोलित्सर एक. या प्रवासाचा खर्च स्मेताना यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी आणि चाहत्यांनी जमवला, १,२४४ गुल्डेन (तिथलं तेव्हाचं चलन). नाट्यगृहाने त्यांना त्यांच्या ऑपेरांच्या हक्कांच्या बदल्यात वर्षाला १,२०० गुल्डेन देऊ केले होते, म्हणजे लोकांनी जवळजवळ त्यांची वर्षभराची मिळकत हातावर ठेवली. उपयोग झाला नाही.

होणारही नव्हता. त्या काळच्या कानाच्या डॉक्टरकडे काय होतं ते डोळ्यांपुढे आणा. कपाळावरचा आरसा, कानात घालायची नळकांडी, घशातून कानाकडे जाणाऱ्या नळीत सरकवायची बाकदार नळी, आणि ट्यूनिंग फोर्क. त्या बाकदार नळीतून हवा किंवा ईथरची वाफ आत सोडायची. मधल्या कानात पाणी साचलं असेल तर यानं बरं वाटायचं. आतल्या कानाला याचा काहीच फायदा नाही. शिवाय विश्रांती सांगायची, आवाजापासून दूर राहायला सांगायचं. संगीतकाराला संगीतापासून दूर ठेवायचं. ऐकू किती येतं हे मोजायला घड्याळाची टिकटिक आणि कुजबुज एवढीच साधनं होती. दवाखान्यात रोज वापरता येईल असा ऑडिओमीटर अर्ध्या शतकाने आला. आणि उपदंश आहे का हे ठरवणारी कुठलीच चाचणी नव्हती. तो वळवळणारा पेचदार जंतू शाउडिन आणि हॉफमन यांना बर्लिनमध्ये १९०५ साली दिसला, वासरमन यांची रक्ताची चाचणी १९०६ ची.

औषध म्हणून होता तो पारा. हे वाचताना आपल्याकडची आठवण येणं साहजिक आहे. सोळाव्या शतकात भावमिश्रांनी 'भावप्रकाश' लिहिला, त्यात या आजाराला 'फिरंग रोग' म्हटलं आहे. फिरंग्यांच्या संगतीतून होणारा रोग. पोर्तुगिजांची गलबतं आपल्या पश्चिम किनाऱ्याला लागल्यानंतरचा हा ग्रंथ. त्यात या रोगाचे बाह्य, आभ्यंतर आणि दोन्ही मिळून असे तीन प्रकार सांगितले आहेत आणि उपचारात रसकापूर, म्हणजे पाऱ्याचाच क्षार, आणि चोपचिनी दिली आहे. युरोपातले डॉक्टर पाऱ्याचं मलम अंगाला चोळत होते आणि आपले वैद्य रसकापूर देत होते. गावाकडे आजही म्हातारी माणसं या दुखण्याला 'गरमी' म्हणतात, आणि ओपीडीत तो शब्द निघाला की आवाज खाली जातो. तो का खाली जातो हे समजून घेतल्याशिवाय कानाचं हे दुखणं पकडता येत नाही.

दुसऱ्या शक्यतांचा विचार केल्याशिवाय केस पुरी होत नाही. मेनिएरच्या आजारात चक्कर आणि आवाज असतो, ऐकणं कमीजास्त होतं, हे सगळं इथे आहे. पण मेनिएर तीन महिन्यांत दोन्ही कान ठार बहिरे करत नाही. मधल्या कानातलं हाड घट्ट होण्याचा आजार हळू चालतो आणि त्यात अशा झोकांड्या जात नाहीत. शरीराची प्रतिकारशक्तीच आंतरकर्णावर उलटते तो आजार मात्र वेगाच्या आणि दोन्ही कानांच्या बाबतीत याच्याशी हुबेहूब जुळतो. आज असा पेशंट आला तर माझ्या यादीत उपदंशाच्या लगेच खाली तो असेल. त्याला पुरळ आणि घसा यांचा पुरता उलगडा होत नाही, आणि पुढे जे झालं त्याचा तर मुळीच होत नाही.

पुढे जे झालं ते बऱ्याच लोकांना अर्धंच माहीत आहे. माहीत असतो तो विजयाचा भाग: पूर्ण बहिरेपणानंतर महिन्याभरात, नोव्हेंबर-डिसेंबर १८७४ मध्ये, त्यांनी 'व्लतावा' लिहिली, प्रागमधून वाहणाऱ्या नदीवरची रचना, जी आज जगभर वाजते. त्यातला एक सूरही त्यांनी वाद्यांवर ऐकलेला नाही. १८७६ मध्ये प्रागमधला खर्च झेपेना म्हणून ते याबकेनित्से गावी थोरल्या मुलीच्या घरी राहायला गेले. जावई वनखात्यात होता. तिथे त्यांनी तंतुवाद्यांची एक चौकडी लिहिली, 'माझ्या आयुष्यातून'. शेवटच्या भागात नाचाची लय भरात आलेली असते, आणि एकाएकी सगळं थांबतं. खालची वाद्यं थरथरत राहतात, आणि पहिलं व्हायोलिन एक अत्यंत उंच 'ई' सूर धरून ठेवतं. स्मेताना यांनी मित्राला लिहून ठेवलं आहे की १८७४ मध्ये बहिरेपणाची चाहूल देणारी कानातली शिट्टी ती हीच.

मी हा भाग वर्गात हेडफोनवर ऐकवतो. मग ऑडिओमीटरच्या खोलीत एकेकाला बसवतो. त्या सुराची वारंवारता सुमारे २,६३७ हर्ट्झ भरते. आमच्या यंत्रावर त्याच्या सगळ्यांत जवळचं बटण ३,००० चं. कानातला आवाज जुळवून पाहायची एक साधी चाचणी असते: पेशंटला निरनिराळे सूर ऐकवायचे आणि विचारायचं, तुमच्या कानातला यापैकी कुठला? ३,००० चं बटण दाबून धरलं की काचेच्या पलीकडे बसलेलं पोरगं दहा सेकंदांत कपाळाला आठ्या घालतं. मी त्याला एक मिनिट तसंच बसवतो. त्यानंतर कुणी पेशंट "कानात शिट्टी वाजते" म्हणाला तर त्याला "त्याकडे लक्ष देऊ नका" असं तोंडावर सांगायला हे पोरगं धजत नाही.

दुसरा अर्धा भाग कमी सांगितला जातो. १८७९ मध्ये स्मेताना यांनी कवी यान नेरुदा यांना लिहिलं की आपल्याला वेड लागेल अशी भीती वाटते. १८८२-८३ च्या हिवाळ्यात झोप गेली, उदासी आली, भास व्हायला लागले, चक्कर आणि पेटके आले, आणि मध्येच काही काळ वाचाही गेली. ऑक्टोबर १८८३ मध्ये प्रागमधल्या एका खासगी समारंभात त्यांचं वागणं पाहून मित्र हादरले. फेब्रुवारी १८८४ पर्यंत बोलण्याचा अर्थ लागेनासा झाला, अधूनमधून ते हिंसक व्हायचे. घरच्यांनी जमेल तितकं केलं. २३ एप्रिलला त्यांना प्रागच्या कातेर्झिन्की मनोरुग्णालयात नेलं. १२ मे रोजी तिथेच त्यांचा मृत्यू झाला. नोंदवहीत कारण लिहिलं गेलं: वार्धक्यामुळे बुद्धिभ्रंश. त्यांचं वय ६० होतं.

आता पहिल्या आजारापासून शेवटापर्यंतचा काळ मोजा. साधारण दहा वर्षं. उपदंशाचा जंतू मेंदूच्या गाभ्यात मुरला की असाच काळ जातो, आणि मग स्वभाव बदलतो, बुद्धी ढासळते, वाचा अडखळते, शरीर लुळं पडत जातं. असा मेंदू उघडून त्यात जंतू दाखवून देणं १९१३ मध्ये नोगुची आणि मूर यांना जमलं, तोवर या दोन टोकांमधला संबंध वादाचाच होता. १८७४ चा कान आणि १८८४ चं मनोरुग्णालय ही एकाच आजाराची दोन टोकं असावीत, असं माझं मत आहे. कुटुंबीयांचाही समज तोच होता. जर्मन मज्जातज्ज्ञ एर्न्स्ट लेविन यांनी १९७२ मध्ये शवविच्छेदनाचा अहवाल पुन्हा तपासून हाच निष्कर्ष काढला, आणि पुढे एमान्युएल व्ल्चेक यांनी उकरून काढलेल्या अवशेषांमधल्या स्नायूंवर चाचण्या करून त्याला दुजोरा दिला.

सगळ्यांना हे मान्य नाही, आणि त्यांचं म्हणणं बाजूला सारण्यासारखं नाही. चेक डॉक्टर यिरी रांबा म्हणतात की इतक्या जुन्या, खराब झालेल्या ऊतींवरच्या चाचणीवर भरवसा ठेवता येत नाही, आणि स्मेताना यांची काही लक्षणं उपदंशात बसत नाहीत. बालपणी चेहऱ्याला झालेली जखम आणि त्यातून हाडात मुरलेला संसर्ग, अशी त्यांची मांडणी आहे. चाचणीबद्दलचा आक्षेप मला पटतो. पण एका बाजूच्या हाडाच्या संसर्गाने दोन्ही आंतरकर्ण तीन महिन्यांत जावेत, हे मला जड जातं. आणि या वादात एक गोष्ट हरवू नये. स्मेताना यांना उपदंश होता की नव्हता हे कदाचित कायमचं अनिश्चित राहील. पण हेच पत्र हातात घेऊन आज कुणी माझ्यासमोर बसला, तर ते अनिश्चित ठेवायचा मला हक्क नाही. रक्ताचं एक नमुनापात्र पुरतं.

इथेच आपल्या ओपीडीतली चूक होते, आणि ती चांगले डॉक्टर करतात. तीन दिवसांच्या आत ऐकणं ठळक कमी झालं की ते अचानक आलेलं बहिरेपण, आणि त्यावर लगेच स्टेरॉइड सुरू करायचं हे आमच्या हातात बसलेलं आहे. ते योग्यही आहे. पण मुळात उपदंश असेल तर नुसत्या स्टेरॉइडने सूज उतरते, ऐकू यायला लागतं, पेशंट पेढे आणतो, आणि जंतू तसाच राहतो. गोळ्या थांबल्या की काही आठवड्यांत कान पुन्हा बसतो, या वेळी कदाचित दुसराही. स्टेरॉइडने सुधारून पुन्हा पडलेला कान दिसला आणि उपदंशाची चाचणी झालेली नसेल, तर ती त्याच दिवशी व्हायला हवी. खरं तर पहिल्याच दिवशी व्हायला हवी होती.

चाचणी कुठली, यातही गफलत होते. नुसती व्हीडीआरएल ही रक्ताची चाचणी मागवली जाते. ती सुरुवातीच्या आणि दुसऱ्या टप्प्यात चांगली चालते. पण आजार जुना झाला की बऱ्याच जणांत ती आपोआप निगेटिव्ह होते, आणि उलट गरोदरपणात, मलेरियात, कुष्ठरोगात किंवा ल्युपसमध्ये (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो एक आजार) खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. रक्तातली प्रतिपिंडं प्रचंड असतील तर पातळ न केलेल्या नमुन्यात ती चकवतेसुद्धा. म्हणून सोबत टीपीएचए हवी, जी थेट या जंतूविरुद्धची प्रतिपिंडं पाहते आणि सहसा आयुष्यभर पॉझिटिव्ह राहते. एचआयव्हीची चाचणीही सोबत करायची, कारण दोन्ही आजार एकाच वाटेने येतात. पाठीतलं पाणी काढायचं का, हा पुढचा प्रश्न. डोकेदुखी, नजरेची तक्रार, चेहरा वाकडा होणं असं दुसरं काही असेल तर काढावं. फक्त कानाचीच तक्रार असेल तर ते पाणी बहुतेकांत स्वच्छच निघतं, आणि स्वच्छ पाणी म्हणजे कानात उपदंश नाही असा अर्थ होत नाही. त्यासाठी औषध अडवून ठेवायचं नाही.

औषध आजही पेनिसिलिनच. जॉन महोनी यांनी १९४३ मध्ये अमेरिकेत उपदंशावर ते वापरून दाखवलं, आणि पाऱ्याचं युग संपलं. पण कानासाठी नेहमीचं कमरेतलं बेंझाथिन इंजेक्शन पुरत नाही, कारण मेंदूभोवतीच्या पाण्यात त्याचं प्रमाण जंतू मारण्याइतकं पोचत नाही. कानाचा उपदंश म्हणजे मज्जासंस्थेचा उपदंश धरून उपचार करायचे: शिरेतून पेनिसिलिन जी, दिवसाला १८ ते २४ दशलक्ष युनिट, दर चार तासांनी विभागून, १० ते १४ दिवस. म्हणजे भरती व्हावं लागतं. सोबत स्टेरॉइड बहुतेक जण देतात. पहिल्या दिवसात ताप आणि थंडी वाजून येऊ शकते. ती पेनिसिलिनची ॲलर्जी असेलच असं नाही, मरणाऱ्या जंतूंमुळे उठणारी ती प्रतिक्रिया असू शकते, आणि तिला घाबरून औषध थांबवू नये हे पेशंटला आणि रात्रपाळीच्या नर्सला आधीच सांगून ठेवायचं. सगळ्यांचं ऐकणं परत येत नाही, हेही आधीच सांगायचं. दुखणं ताजं असेल, ऐकणं अजून कमीजास्त होत असेल तर आशा जास्त. कान पूर्ण गेला असला तरी कोक्लियर इम्प्लांटचा, म्हणजे ऐकण्याच्या नसेला थेट संकेत देणारं यंत्र बसवण्याचा, मार्ग उरतो, कारण पुष्कळांमध्ये नस शाबूत असते.

स्मेताना यांच्या पत्राकडे परत येतो. सप्टेंबरच्या सुरुवातीला ते पत्र लिहिलं गेलं तेव्हा डावा कान अजून शिल्लक होता. तो जाईपर्यंत साधारण सहा आठवडे होते. पत्रात कान आहे, भोवळ आहे, घोंगाट आहे. उन्हाळ्यातलं पुरळ आणि घसा कारभाऱ्यांना लिहायचं काही कारणच नव्हतं. ते विचारायचं काम दुसऱ्या कुणाचं तरी असतं.

विचारायचं कसं, हे मुलांना शिकवायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. पेशंटसोबत बायको असते, कधी आई, कधी मोठा मुलगा. मी म्हणतो, "वहिनी, जरा बाहेर बसता का, दादांची ऐकण्याची तपासणी करायची आहे, शांतता लागते." हे खोटं नाही, तपासणी खरंच करतो. ट्यूनिंग फोर्क कोपरावर हलकेच आपटून कानामागच्या हाडाला लावतो, आवाज संपला की सांगा म्हणतो. मग आवाज न बदलता पुढचे प्रश्न त्याच ओघात विचारतो: गेल्या वर्षभरात अंगावर पुरळ उठलं होतं का, तळहातांवर? खाली कधी जखम झाली होती, दुखत नव्हती तरी? नजर धूसर झाली? बाहेर कुठे संबंध आला होता का, हे मी सगळ्यांनाच विचारतो, कारण त्यावर कानाचं औषध ठरतं. शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे, आणि ते मनापासून म्हणावं लागतं. एक-दोन वेळा माणूस उत्तर न देता फोर्ककडेच बघत राहिला आहे. अशा वेळी मी पुढचा प्रश्न विचारत नाही. चाचणीच्या कागदावर तीन खुणा करतो, ती सगळ्यांचीच करतो म्हणून सांगतो, आणि हे खरंच असतं. पैशांची किंवा ओळखीच्या लॅबची अडचण असेल तर सरकारी रुग्णालयातल्या, लैंगिक आजारांसाठीच्या 'सुरक्षा क्लिनिक'चा रस्ता सांगतो. तिथे तपासणी आणि उपचार मोफत होतात, आणि नाव बाहेर जात नाही.

फळ्यावरच्या केसमध्ये मुलांकडून दरवर्षी एक रकाना रिकामा राहतो. स्मेताना यांचं दुसरं लग्न १८६० मध्ये बेत्तिनाशी झालं होतं, घरात दोन मुली होत्या, दोघींचा जन्म १८७४ च्या कितीतरी आधीचा. नवरा-बायकोचं फारसं पटत नव्हतं, पैशांवरून तर खटके उडायचे. या सगळ्या गोष्टींची चर्चा पुस्तकांतून होते. बेत्तिनाच्या तब्येतीबद्दल मात्र कुणी विचारत नाही, आणि माझी मुलंही विचारत नाहीत. आज रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की आधी पेशंटशी एकट्याने बोलायचं, त्याची संमती घ्यायची, आणि जोडीदाराला बोलवायचं. दोघांची चाचणी, दोघांवर उपचार. ती गरोदर असेल तर त्याच आठवड्यात, कारण हचिन्सन यांनी पाहिलेली ती मुलं इथूनच जन्माला येतात. मग सहा महिन्यांनी दोघांची व्हीडीआरएल पुन्हा: १:३२ होती ती १:८ वर आली का, म्हणजे रक्तातली प्रतिपिंडं चौपटीने उतरली का, हे पाहायला. त्याच कागदाला ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याचा आलेख, जोडलेला असतो, उजवा कान लाल गोल, डावा निळी फुली, आणि जुन्या तारखेच्या रेघेवर नवी रेघ.